महाड बोर्डावरचा हवालदार

१८९५ साली सरकारने महाड तालुका लोकल बोर्डावर एका निवृत्त हवालदाराची नेमणूक केली आणि बोर्डातल्या वरच्या जातीच्या सभासदांना त्याच्याबरोबर बैठकीला बसणं जड झालं. त्यांनी उघड विरोध केला. हवालदाराचं नाव गोपाळबाबा वलंगकर. जन्म महाडजवळच्या रावढळचा, महार कुटुंबातला. १८८६ मध्ये ते पलटणीतून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले.

माझा विषय स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास. या विषयाला फारसे वाचक नसतात. रस्त्याची खडी, धर्मशाळेची डागडुजी, देवीच्या लसीचा खर्च यांत कुणाचं मन रमणार? मात्र वलंगकरांची नेमणूक किती मोठी गोष्ट होती, हे या रुक्ष बाबींतूनच कळतं. लॉर्ड रिपनच्या १८८२च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४चा लोकल बोर्डांचा कायदा आला. काही सभासद निवडून यायचे, काही सरकार नेमायचं. मताचा हक्क मालमत्तेवर आणि प्रतिष्ठेवर, त्यामुळे अस्पृश्य माणूस निवडून येणं अशक्यच होतं. बोर्डाचा पैसा मुख्यतः शेतसाऱ्यावरच्या रुपयामागे एक आणा पट्टीतून यायचा. त्यातून रस्ते व्हायचे, शाळा चालायच्या, विहिरी खोदल्या जायच्या. कुठल्या गावात विहीर खोदायची, हे ज्या टेबलाभोवती ठरणार तिथे त्या विहिरीला हात लावायची मुभा नसलेला माणूस सभासद म्हणून आला. इतर सभासदांचा राग निव्वळ शिवाशिवीचा होता, असं मला वाटत नाही. पट्टीचा पैसा सगळ्यांचा, मग पाणी कुणाचं, हा प्रश्न त्या खुर्चीत बसल्याबसल्याच विचारला जात होता. तोंड उघडायचीही गरज नव्हती.

आणि तोंड तर वलंगकरांनी आधीच उघडलं होतं. १८८८ मध्ये त्यांची 'विटाळ विध्वंसक' ही पुस्तिका निघाली. त्यांनी सवर्ण धर्ममार्तंडांपुढे सव्वीस प्रश्न ठेवले. अस्पृश्यता देवाने केली की माणसाने, हा त्या प्रश्नांचा गाभा. 'दीनबंधु' आणि 'सुधारक'मध्ये ते लिहीत. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. दापोलीला त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही संस्था काढली. आपण या भूमीचे मूळचे लोक, बाहेरून आलेल्यांनी आपल्यावर हा विटाळ लादला, ही फुल्यांची मांडणी संस्थेच्या नावातच दिसते.

हे बळ कुठून आलं? माझं उत्तर साधं आहे: पेन्शनीतून. गावात राहणारा महार वतनाच्या कामाला बांधलेला. वेसकरकी, सांगावे पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, आणि त्याबदल्यात बलुतं. गावाने बलुतं बंद केलं की चूल बंद. पेन्शन सरकारी तिजोरीतून येत असे, पाटलाच्या खळ्यावरून नव्हे. शिवाय पलटणीत अक्षरओळख व्हायची, कारण शिपायांना आणि त्यांच्या मुलांना तिथे शाळा होत्या. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीतच राहिले. बाणकोटचा किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांकडे गेल्यापासून सावित्रीच्या खाडीकाठची माणसं त्यांच्या फौजेत जात होती. दापोलीला लष्कराचा तळ होता, लोक अजूनही तिला 'कॅम्प' म्हणतात. वाचता येणारी, हुकूम द्यायची आणि घ्यायची सवय असलेली, गावाचं मिंधेपण नसलेली माणसं या पट्ट्यात बरीच होती, आणि वलंगकर त्यांतले सर्वांत धीट.

पोटाच्या स्वातंत्र्याचं हे गणित अमेरिकेतही दिसतं. फुल्यांनी १८७३ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे सर्वांना माहीत आहे. त्या मुक्त झालेल्यांचं पुढे काय झालं, तिकडे मात्र आपण क्वचितच वळतो. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर रॉबर्ट स्मॉल्स नावाचा गुलाम जहाजाचं सुकाणू धरायचा. यादवी युद्धात, मे १८६२ मध्ये, त्याने 'प्लँटर' ही दक्षिणेतल्या बंडखोरांची आगबोट रातोरात चार्ल्स्टनच्या बंदरातून काढली आणि बायकामुलांसह उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. युद्ध संपल्यावर तो ब्यूफर्टला परतला, दुकान काढलं, १८६८ मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि पुढे अमेरिकेच्या संसदेत. स्मॉल्सला दुकान, वलंगकरांना पेन्शन: दोघांचंही पोट शेजाऱ्यांच्या मर्जीवर नव्हतं. फरक मोठा आहे, तोही सांगितला पाहिजे. स्मॉल्सच्या पाठीशी हजारो मतं होती. वलंगकरांच्या पाठीशी कलेक्टरच्या कचेरीतला एक कागद. पण १८९५ हे साल दोघांच्याही आयुष्यात येतं. त्या वर्षी दक्षिण कॅरोलायनाच्या घटना परिषदेत काळ्यांचा मताधिकार काढून घेणारी कलमं मंजूर झाली, आणि त्यांना विरोध करणाऱ्या मोजक्या काळ्या प्रतिनिधींत स्मॉल्स होता.

इकडे मताधिकार नव्हताच, मग काढून काय घेणार? इथे पलटणच काढून घेतली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात लढवय्या जातींचा सिद्धांत बोकाळला आणि १८९२च्या सुमारास महारांची भरती थांबली. कोरेगावच्या १८१८च्या लढाईच्या स्तंभावर ज्या महार शिपायांची नावं कोरली आहेत, त्यांचेच नातू लढवय्ये नाहीत असं ठरलं. १८९४ मध्ये वलंगकरांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. त्यात महार हे पूर्वीचे क्षत्रियच, असा दावा आहे. आर्यांच्या वर्णव्यवस्थेवर तुटून पडणारा माणूस त्याच व्यवस्थेतला दुसरा वर्ण मागतो, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. आक्षेप तर्काला धरून आहे. पण इंग्रज सेनापतीला लिहिताना शौर्याचा वारसा सांगायचा आणि इथल्या धर्ममार्तंडांना लिहिताना अन्यायाचा, हे कचेरीचे व्यवहार जाणणाऱ्या हवालदाराचं शहाणपण होतं असं मी मानतो. अर्ज लिहिणारा माणूस प्रबंध लिहीत नसतो. भरती थांबली की पुढच्या पिढीची पेन्शन थांबते, आणि पेन्शन थांबली की बोर्डात बसू शकेल असा माणूसच तयार होत नाही, हे त्यांना दिसत होतं.

१९०० मध्ये ते वारले. भरतीचं दार तेव्हाही बंदच होतं. हल्ली त्यांना 'आंबेडकरांचे पूर्वसुरी' म्हणून दोन ओळींत उरकतात. त्यात आदर असेल, पण त्यामुळे बोर्डातला सभासद मात्र झाकला जातो.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा सरकारला लढवय्येपणाचा सिद्धांत गुंडाळून ठेवावा लागला. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९ आणि २० मार्च १९२७ला महाडला आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. महाडचं चवदार तळं अस्पृश्यांसह सर्वांना खुलं करणारा, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीसांच्या काळातला ठराव नगरपालिकेच्या दप्तरात होताच. परिषदेच्या तयारीत आणि पाण्याचा हक्क बजावायला तळ्याकडे निघालेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेली माणसं पुढे होती, आणि त्यांतले काही जवळच्याच दासगावचे होते.