सकाळचा बेडका

११ नोव्हेंबर, मुंबई
प्रयोगशाळेत आजही थुंकीच्या कित्येक बाटल्यांत नुसती लाळ. पातळ, फेसाळ. असल्या नमुन्यात क्षयाचे जंतू दिसले नाहीत म्हणून रोग नाही असं थोडंच म्हणता येतं! खिडकीवर बाटली देताना ‘थुंकून आणा’ एवढंच सांगितलं जातं, मग लोक थुंकूनच आणतात.

१२ नोव्हेंबर
स्वतः खाली ओपीडीत गेले. एक मावशी बाटली पदराखाली लपवून बसल्या होत्या. “सुनेसमोर कसं खाकरू?” म्हणाल्या. त्यांना म्हटलं, “सकाळी उठल्यावर चहाच्या आधी गच्चीवर जा. साध्या पाण्यानं चूळ भरा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि मग छातीतून खोका. घशातलं नको.”

१३ नोव्हेंबर
मावशींची बाटली आली. पिवळट, घट्ट, चिकट, चांगला चमचाभर बेडका! सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घातलं, १५ मिनिटं घड्याळाकडे डोळे. त्यात इतर जंतू मरतात. क्षयाचा जंतू मेणचट कवचामुळे तगतो, पण वेळ लांबली तर तोही मरतो. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्रानं दोनेक तासांत सांगितलं: क्षय आहे, रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणारा. उरलेला नमुना कल्चरला, म्हणजे नळीत जंतू वाढवायला.

२७ नोव्हेंबर
मावशींची नळी उजळली. जंतू नळीतला प्राणवायू संपवतात, तसा तळाचा पदार्थ चमकू लागतो. जंतूला दुप्पट व्हायलाच २० तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे घाई करून भागत नाही.
सीबीनॅट आल्यावर कल्चर कशाला, असं नवी मुलं विचारतात. सीबीनॅटला मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो. औषधानं जंतू खरंच मेले का, हे कल्चरच सांगतं. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात घरी औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात हे दिसलं, तेही थुंकीच्या तपासणीवरूनच. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हा सहा महिन्यांचा कोर्स मावशींना सुरू झालाय. पूर्वी अशा रुग्णाला दीड-दोन वर्षं औषधं घ्यावी लागत. एवढं मोठं संशोधन चमचाभर बेडक्यावर उभं आहे, आणि तो कसा काढायचा हे सांगायला खिडकीवर दोन मिनिटं मिळत नाहीत, याचा संताप येतो.

२ डिसेंबर
सिस्टरांशी बोलले. उद्यापासून बाटली हातात देण्याआधी खोकून दाखवायचं ठरलं.

१८ डिसेंबर
मावशींची महिन्याची बाटली. आता बेडका कमी पडतो, तरी लाळ नाही. कल्चरला लावली. जंतू नाहीत असं म्हणायला पूर्ण ४२ दिवस थांबावं लागेल.