निकामी वस्तूंची यादी

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला वर्षभरात असंख्य सह्या कराव्या लागतात. त्यांतली एक निकामी वस्तूंच्या यादीखाली असते. मोडकी बाके, पाय गेलेल्या खुर्च्या, झिजलेले फळे यांची नावे लिहायची, वजनाचा अंदाज करायचा आणि भंगारवाल्याची बोली आली की सही करून मोकळे व्हायचे. २०१९ साली अशीच एक सही मी केली. त्या यादीतील अकरावी नोंद होती : ‘लाकडी-लोखंडी सांगाडा, नग १’. त्या सहीने मी काय विकले, हे मला गेल्या हिवाळ्यात कळले. आणि तेही जर्मनीहून आलेल्या एका पत्रामुळे.

पत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. खानापूर तालुक्यातल्या रानातून तो हॅनोव्हरला कसा पोहोचला, ती कथा निराळी. पत्रासोबत त्याने एका विलक्षण वाहनाची छायाचित्रे पाठवली होती. पुढून पाहिले तर फोक्सवॅगन कंपनीची १९६२ सालची जुनी, गोलसर तोंडाची व्हॅन. पण खाली मात्र चार आस. पुढच्या दोन आसांवर जोडचाके, आणि मागच्या दोन आसांवर रणगाड्याला असतात तसे साखळपट्टे! रंग नारिंगी, नाव ‘कोल्हा’.

हा कोल्हा कोणत्याही कारखान्यात जन्मला नाही. कुर्ट क्रेट्झनर नावाच्या व्हिएन्नाच्या एका मेकॅनिकने तो घडवला. हा गृहस्थ बर्फावर घसरण्याच्या खेळाचा शौकीन. डोंगरावरच्या विश्रामगृहाचा चालक, वैद्य, शिकारी, आकाशवाणीचे मनोरे सांभाळणारे कामगार अशा माणसांना बर्फातून वर नेईल असे सोपे वाहन मिळत नाही, हे त्याने पाहिले. आणि चार वर्षांहून अधिक काळ खपून स्वतःच ते तयार केले. अॅल्युमिनियमच्या तुकड्यांचे पट्टे, त्यांवर रबराचे ठोकळे. इंजिन अवघे ३४ अश्वशक्तीचे, वेग ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे नाही. पण ज्याला बर्फात रुतायचे नाही, त्याला वेगाची मातब्बरी काय? वजन तेवढेच राहते. ते अधिक जागेवर पसरले, की दर इंचावर पडणारा भार हलका होतो. सारी युक्ती एवढीच.

१९८५ पर्यंत हा कोल्हा व्हिएन्नाच्या परिसरात धावला. मग तो ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावच्या एका संग्रहालयात गेला. तेथून जुन्या व्हॅनच्या शौकिनांच्या मंडळाकडे, आणि पुढे आणखी एका मालकाकडे. कोणी दुरुस्तीला हात घातला, ते काम अर्धे राहिले. अखेर २०१८ साली हॅनोव्हरच्या फोक्सवॅगनच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने तो घेतला आणि पुन्हा बर्फावर चालता केला. कारागिरांचे कौतुक आहेच. परंतु मला अधिक वाटते ते मधल्या मालकांचे. तो धड चालतही नव्हता, त्या वर्षांत कोणीही त्याला मोडीत काढले नाही.

पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या : ‘सर, आपली गाडी अजून अडगळीच्या खोलीत आहे ना? सुट्टीत आलो की दोघे मिळून दुरुस्त करू.’

वाचकहो, आता ती गाडी सांगायला हवी. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नको. २००३ साली मी त्या शाळेत सहशिक्षक होतो. गावापासून डांबरी रस्ता चार किलोमीटर, मध्ये शेतवाट आणि ओढा. पावसाळ्यात आजारी माणसाला बांबूच्या डोलीत घालून खांद्यावरून न्यायचे. चिखलात खांदेकऱ्याचा पाय घसरला की रोगी खाली. नववीतल्या या मुलाची आजी अशीच पडली होती. त्याने शेतातला चिखल सपाट करण्याची रुंद फळी पाहिली. ती रुतत नाही, घसरते, हे हेरले. पुढून होडीसारखी वर वळलेली एक फळी, तिच्यावर बांबूची खाट, बाजूला सोडवून ठेवता येतील अशी सायकलची दोन चाके : चिखलात फळीवरून ओढायची, कठीण वाट लागली की चाके लावायची. व्हिएन्नाच्या मेकॅनिकचेच तत्त्व. पण त्या पोराने ना तो देश ऐकला होता, ना ते बर्फ पाहिले होते.

त्याच श्रावणात एका रात्री आमच्या शाळेच्या शिपायाच्या बायकोला त्या गाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. बाळ-बाळंतीण सुखरूप परतली. पुढे ओढ्यावर पूल झाला, गाडी अडगळीत गेली. माझ्याही बदल्या होत गेल्या, आणि मुख्याध्यापक म्हणून मी पुन्हा तेथेच आलो.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोम्बार्दिये नावाचा असाच एक मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बुजले, आणि त्याचा दोन वर्षांचा मुलगा इस्पितळात पोहोचू न शकल्याने गेला. पुढच्या काही वर्षांतच त्याने सात माणसे नेणारे साखळपट्ट्यांचे वाहन तयार केले. माणसाने अडलेल्या वाटेवर काढलेली अशी वाहने म्हणजे लोखंडलाकडात उमटलेला कळवळाच असतो. आणि तो मी किलोच्या भावाने विकला होता. यादीतला ‘सांगाडा’ म्हणजे काय, हे खोली उघडून पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘गुरुजी, लोखंड त्याच महिन्यात भट्टीकडं गेलं.’ परतताना शिपायाला सारे सांगितले. तो काही न बोलता मला आपल्या गोठ्यात घेऊन गेला. गटारावर एक काळीभोर फळी आडवी घातली होती. पुढून होडीसारखी वळलेली.

‘लिलावाच्या दिवशी मागून घेतली, सर. बायको म्हणाली, हिच्यावरून आपण तिघं घरी आलो, हिला चुलीत कसं घालायचं?’

एम.ए.ची पदवी घेतलेला मी त्या गोठ्यात बराच वेळ उभा होतो. फळी परत मागण्याचा धीर मला झाला नाही. आणि तसा अधिकारही नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या साठ्याच्या नोंदवहीत एक पान निराळे केले आहे : ‘विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तू’. त्यांची पाहणी मी स्वतः करतो, आणि करणाऱ्याचे नाव लिहितो. निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत. पुढच्या मुख्याध्यापकाला ते पान दाखवूनच किल्ल्या देईन.

हॅनोव्हरला मी उत्तर धाडले. सारवासारव केली नाही. ‘गाडी विकली गेली. सही माझी आहे. फळी तेवढी उरली आहे, आणि ती योग्य घरी आहे. तू ये, नवी करू.’