गायीपुढचं वाद्य

हाँगकाँगच्या व्यापारी बैठकांत दुभाष्याचं काम करताना मला एकाच म्हणीची धास्ती वाटते. ‘तोय ङौ थान खम’, म्हणजे गायीपुढे वाद्य वाजवणं. कॅन्टोनीजमध्ये तिचा पहिला उच्चार मधल्या पट्टीत, पुढचे तिन्ही खाली घसरणारे. बोलणारा ती सुस्कारा टाकावा तशी टाकतो, आणि जिच्यावर टाकली ती ‘गाय’ माझ्या शेजारीच बसलेली असते.

शेजारी मराठी गिऱ्हाईक असलं की मी ‘गाढवापुढे वाचली गीता’ फेकायचो. हशा पिकायचा. ‘काय चपखल बसवलंत!’ हे ऐकायला मी किती हपापलेला असे, ते सांगायची सोय नाही. पण हशा पिकला की तिरस्कार गळून पडतो. आमच्या गाढवाला तर स्वतःचं मतही आहे, ‘कालचा गोंधळ बरा होता’ म्हणून ते ऐकवतं. तिथली गाय नुसती चरत राहते. तो उतरता सूर मराठीत आणायला मी आवाज खाली नेऊन पाहिला, मध्येच थांबून पाहिलं. जमत नाही. बाकीचे दुभाषे ‘ते जरा नाराज आहेत’ म्हणून मोकळे होतात. त्याला मी दुभाषेपण म्हणत नाही.

हल्ली माझे कान मंद झाल्यामुळे हाँगकाँगमध्येच वाढलेली माझी शिष्या बैठकीला बसते. ती सपाट आवाजात म्हणाली, “यांना सांगून काय उपयोग, असं म्हणताहेत.” गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. म्हणजे तिरस्कार पोचला! मला राग आला तो त्याचाच. मग मी तिच्या ‘ङौ’च्या उच्चाराची खोड काढली. नव्या पिढीसारखी तीही ‘ङ’ गिळून नुसतं ‘औ’ म्हणते.

गायीच्या म्हणीची मूळ गोष्ट मोउझ या चिनी लेखकाच्या बौद्ध धर्मावरच्या ग्रंथातली. गोंगमिंग यी नावाचा वादक गायीपुढे अभिजात सूर वाजवतो, गाय चरतच राहते. डासांची गुणगुण आणि वासराचं हंबरणं काढतो, तेव्हा ती कान टवकारते. बुद्धाचं म्हणणं कन्फ्यूशियसच्या ग्रंथांच्या आधारे का सांगतोस, या प्रश्नाला मोउझने दिलेलं हे उत्तर. म्हणजे ऐकणाऱ्याजोगं वाजवणं हे वाजवणाऱ्याचं काम. आज मात्र सगळा दोष गायीचा.

‘कै थुङ आप कॉङ’, कोंबडी बदकाशी बोलते, ही रोजच्या बोलण्यातली म्हण बैठकांना जास्त लागू पडते. तिच्यात दोघांनाही एकमेकांचं कळत नाही. पण चिडलेला व्यापारी ती वापरत नाही. वापरली तर निम्मा दोष त्याच्याही पदरात पडेल.