ढोलकी कुणाची?

मुलांनो, रॅप म्हणजे तालावर झरझर बोलत म्हटलेलं गाणं. १९७० नंतर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, गरीब काळ्या वस्तीत ते जन्मलं. पुढे गोरी पोरंही रॅप करू लागली. त्यातलाच एक पोस्ट मेलोन. त्यानं २०२४ मध्ये रॅप बाजूला ठेवून चक्क 'कंट्री' गाण्यांचा अल्बम काढला. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं गाणं. मग लोक विचारणारच, बाबा रे, तुझं खरं गाणं कोणतं?

अंबडला माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, दुसऱ्याचं गाणं गायलं की ते खोटं होतं का?" मी तिला पठ्ठे बापूरावांची गोष्ट सांगितली.

मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६चा, गाव सांगलीकडचं रेठरे हरणाक्ष. ब्राह्मणाघरचा मुलगा. तमाशा तेव्हा मुख्यतः दलित कलावंतांचा. पांढरपेशे नाक मुरडायचे. श्रीधर त्या फडात शिरले, शेकडो लावण्या रचल्या, ढोलकीच्या तालावर गायले. चार दिवसांची हौस नव्हती हं ती! जातगोत तुटलं तरी माघारी फिरले नाहीत. १९४५ मध्ये गेले, तेही हलाखीत. म्हणून मला त्यांचं गाणं खरं वाटतं.

"आणि सर, त्यांच्यासोबत नाचायचं कोण?"

पवळा. संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार समाजातली. तिला बघायला गर्दी लोटायची. ढोलकी मुळात तिच्या माणसांची. बापूरावांचं नाव पुस्तकांत सापडतं. पवळाबद्दल आमच्या शाळेच्या कपाटात मला एक ओळही मिळाली नाही.