चर्चगेटचे ‘चर्च’

मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर आपण कितीदा तरी उतरलो असू. परंतु हे ‘चर्च’ कोणते, असा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आला असेल? स्थानकाजवळ ते शोधणाऱ्याला ते सापडत नाही. त्यासाठी वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे चालत जावे लागते. वाटेत हुतात्मा चौक लागतो. पूर्वी किल्ल्याच्या तटाचा एक दरवाजा येथेच होता आणि त्यातून आत शिरणारी वाट संत थॉमस यांच्या मंदिराकडे जाई, म्हणून त्या दरवाजाला ‘चर्च गेट’ हे नाव पडले. १८६० नंतरच्या दशकात तट पाडला गेला, दरवाजाही गेला. नाव मात्र राहिले.

आणखी थोडे पुढे, हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे, हे अँग्लिकन मंदिर उभे आहे. त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर यांनी १६७६ साली त्याचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी सुरतेस त्यांचे निधन झाले. काम थांबले. पुरुषभर उंचीच्याही वर, सुमारे पंधरा फूट चढलेल्या त्या भिंती जवळजवळ चाळीस पावसाळे छपराविना भिजत राहिल्या. अखेर कंपनीचे धर्मगुरू रिचर्ड कॉब यांनी लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागविली, वर्गणी जमविली आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी मंदिराची दारे उघडली.

पुढे १८३७ मध्ये मुंबईस स्वतंत्र बिशप लाभले आणि हे मंदिर कॅथीड्रल झाले. त्यानंतर त्यावर मनोरा चढला आणि १८६० नंतरच्या दशकात वेदीकडचा भाग गॉथिक धर्तीवर नव्याने बांधण्यात आला. पश्चिम दाराशी असलेल्या नक्षीदार कारंज्याचा खर्च कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांनी सोसला. परधर्मीयाचे हे औदार्य पाहून मन भरून येते.

आत शिरताच बाहेरची गजबज मागे पडते. भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला आहेत. त्यांतील एक स्त्री-अर्भकांच्या हत्येविरुद्ध झटलेल्या गव्हर्नर जोनाथन डंकन यांची आहे. अनेक शिला मात्र दूरदेशी ऐन तारुण्यात मृत्यू पावलेल्यांच्या आहेत. त्यांची वये वाचताना राज्यकर्ते आणि रयत हा भेद क्षणभर विसरायला होतो.

१९७० पासून हे मंदिर उत्तर भारताच्या चर्चच्या छत्राखाली आहे. त्याच्या जतनकार्याचा युनेस्कोने २००४ साली गौरव केला.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही कधी एखादे बांधकाम रखडते आणि आपण एकमेकांना दोष देऊ लागतो. अशा वेळी या भिंती आठवाव्यात. ऑंजिअर यांनी छप्पर पाहिले नाही. कॉब यांनी पाया घातला नाही. एकाच्या श्रद्धेवर दुसऱ्याच्या चिकाटीने कळस चढविला. देवाचे घर बहुधा असेच पुरे होते.