गाणे आणि दाणे

माझी भाची पाच वर्षांची होती, तेव्हा ‘क’ आणि ‘ग’ तिच्या तोंडी येत नसत. काकांना ती ‘ताता’ म्हणे आणि गाईला ‘दाय’. बहुतेक मुलांचे असले बोबडे बोल चौथ्या वर्षापर्यंत आपोआप जातात. तिचे गेले नाहीत. घरी त्याचे कौतुक होई, परंतु शाळेत मुले हसू लागली आणि एवढी बोलकी पोर वर्गात तोंड उघडीनाशी झाली. तेव्हा दर शनिवारी एस.टी.ने तिला साताऱ्याहून सांगलीस वाचोपचारासाठी नेण्याचे काम माझ्याकडे आले.

वाचोपचार म्हणजे उच्चार सुधारण्याची शिकवणी. मुलांनो, ‘त’ म्हणून पाहा. जिभेचे टोक दातांना लागते. आता ‘क’ म्हणा. टोक खालीच राहते आणि जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. आपल्या वर्णमालेतील दंत्य आणि कंठ्य हे वर्ग यावरूनच पडले आहेत. अंतर बोटभर, पण ते ओलांडण्यासाठी एकेक शब्द शेकडो वेळा म्हणावा लागतो. आणि पाच वर्षांच्या मुलीने तो का म्हणावा?

आजीने युक्ती काढली : एका शब्दाला एक कंदी पेढा. साताऱ्याचा पेढा तो! तरी चौथ्या शब्दाला भाचीबाई म्हणाल्या, “मला नतो!”

सांगलीच्या ताईंनी खाऊ लावला नाही. पहिले काही आठवडे गुळण्यांतच गेले. घशाशी पाणी खळखळते, तिथेच ‘ग’ उपजतो. शब्द चुकला तर ताई रागावत नसत, स्वतः तो नीट म्हणून दाखवीत. मुलगी कंटाळण्यापूर्वीच त्या खेळ आवरता घेत. मला हे फार शहाणपणाचे वाटले.

एके दिवशी त्यांनी विचारले, “आज काय हवे?”

“दाणे!” तिला गाणे हवे होते. ताईंनी निमूटपणे तिच्या हातावर शेंगदाणे ठेवले.

“हे नाही, दाणे!” आणखी एक मूठ आली.

भाची गोंधळली, मग स्वतःच खुदकन हसली. आरशात पाहून तिने जीभ मागे ओढली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ग्... गाणे!” त्या दिवशी ताईंना सात वेळा गाणे म्हणावे लागले.

‘क’ने मात्र आणखी दोन महिने घेतले. एका परतीच्या प्रवासात पेठ नाका मागे पडला, तशी ती सीटवर उभी राहिली आणि तिने मोठ्याने विचारले, “कंडक्टरकाका, कराडला गाडी किती वेळ थांबणार?”

“दहा मिनिटं,” तिकिटे मोजता मोजता कंडक्टर म्हणाले.