आत गेलेले ठसे

पंचतंत्रातल्या काकोलूकीय तंत्रात दधिपुच्छ नावाचा एक कोल्हा आहे. संध्याकाळी तो आपल्या गुहेपाशी परततो आणि दारातच थबकतो. सिंहाच्या पावलांचे ठसे आत गेलेले दिसतात, बाहेर आलेले दिसत नाहीत. तो आत शिरत नाही, घाबरून पळतही नाही. तो गुहेलाच हाक मारतो आणि रोज बोलतेस ती आज गप्प का, असे विचारतो. आत दबा धरून बसलेला खरनखर सिंह गुहेच्या वतीने ओ देतो आणि उघडा पडतो. ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या कोल्ह्याच्या हुशारीची म्हणून सांगत आलो. मला तिच्यात त्याहून नेमके काही दिसते. खूण आहे, खुणेवरून बांधलेला अंदाज आहे, तो अंदाज खरा की खोटा हे पाहण्यासाठी केलेली परीक्षा आहे, आणि हे सगळे घडताना मूल खदखदून हसते. विनोदी प्राणी-गुप्तहेराच्या चित्रकथेला आणखी काय लागते? माझे म्हणणे असे की, हा प्रकार मुलांना विचार करायला शिकवणारा फार चांगला प्रकार आहे, पण एका अटीवर: गुन्ह्याचा उलगडा त्या प्राण्याने प्राणी म्हणूनच केला पाहिजे. आणि मराठीत तो रुजवायचा तर त्याला नगर जिल्ह्याइतकी, म्हणजे आजच्या अहिल्यानगरइतकी, योग्य भूमी मला दुसरी दिसत नाही.

अट आधी पाहू. ईव्ह टायटसचा बेसिल हा उंदीर १९५८ साली पुस्तकात आला. तो बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सच्याच घराच्या तळघरात राहतो, आणि लहानखुरा असल्यामुळेच त्याला तिथे जागा मिळते. डेव्ह पिल्कीच्या 'डॉग मॅन'मध्ये धड पोलिसाचे आणि डोके कुत्र्याचे; मुले हसतात ती कामाच्या भर गडबडीत त्याचे कुत्रेपण उसळून येते तेव्हा. आपल्याकडे 'टिंकल'मधला कालिया कावळा झाडाच्या शेंड्यावर बसून चमाटक कोल्ह्याचे बेत पाहतो आणि सशांना सावध करतो. त्याची सगळी मदार उंचीवर आणि कावळ्याच्या चौकसपणावर आहे. याच्या उलट, नुसता कोट-टोपी चढवलेला ससा किंवा अस्वल माणसासारखेच प्रश्न विचारत, माणसासारखेच कागद चाळत फिरू लागले की प्राणी केवळ मुखवटा उरतो आणि विनोदही पातळ होतो. यावर कोणी म्हणेल, लहान मुलांना टोपीच हवी असते, प्राणिशास्त्र नको. टोपी हवीच असते, हे खरे. पण टोपी हास्यास्पद दिसते ती खालचे कान खरे असतात म्हणून. कान खोटे झाले की टोपीचीही गंमत जाते.

प्राण्याचे बारकाईने निरीक्षण केले की विनोद आपोआप येतो, याचा फार सुंदर पुरावा नगरच्याच भुईकोट किल्ल्यात तयार झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना तिथे स्थानबद्ध केले गेले. नेहरूंनी तिथे लिहिलेला ग्रंथ सर्वांना ठाऊक आहे. मौलाना आझादांनी त्याच भिंतींआड लिहिलेली पत्रे, 'गुबार-ए-खातिर' या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झालेली, मराठी वाचकांना तितकी ठाऊक नाहीत. त्यांतले एक पत्र खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी आहे. आधी युद्ध, मग तह, मग तांदळाचे दाणे टाकून दिवसेंदिवस कमी केलेले अंतर. या ओघात एकेक चिमणी निराळी दिसू लागते आणि तिला नाव मिळते. धीट असतो तो कलंदर, सतत आवाज चढवणारा मुल्ला, गप्प बसून राहणारा सूफी. ही नावे वरून चिकटवलेली नाहीत. आधी वागणे टिपले, मग नाव दिले. चांगला चित्रकथाकार हेच करतो. पात्र आधी पाहतो, कपडे नंतर शिवतो. तुरुंगातला एक विद्वान चिमण्यांकडे इतक्या गांभीर्याने पाहतो तेव्हा त्या हसवतातही आणि पटतातही.

आता खरा तपास. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतांमध्ये बिबटे राहतात, हे गावांना माहीत होतेच. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी केली. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढेच तरस निघाले; आणि हे कुठल्या अभयारण्यात नव्हे, चौरस किलोमीटरला ३००हून अधिक माणसे राहतात अशा खोऱ्यात. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची पायरी. बिबट्या खातो काय? गावाचे उत्तर ठरलेले असते: आमची शेरडे. संशोधकांनी विष्ठा गोळा केली, तिच्यातले केस वेगळे केले आणि ते कुणाचे ते ओळखले. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट. तरीही बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने कुत्री ३९ टक्के आणि शेळ्या फक्त ११ टक्के. असे का? कारण शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकाट. केसाच्या एका धाग्यावरून आरोपीवरचा निम्मा आरोप उतरतो आणि गोठ्याच्या दाराला अचानक महत्त्व येते. गुप्तहेरकथेत याहून चांगले वळण मी पाहिलेले नाही, आणि ते कल्पनेतले नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. ज्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे आणि मुले जीव गमावतात, तिथे हसरा बिबट्या रंगवणे म्हणजे मुलांना धोक्यात लोटणे नव्हे काय? लाडावलेला, मिठी मारावीसा वाटणारा बिबट्या रंगवणे चूकच ठरेल. म्हणूनच माझी अट इथे जास्त कामाची आहे. प्राणी प्राणीच राहिला तर चित्रकथा बिबट्याला मित्र करत नाही, समजण्याजोगा करते. तो कुठून येतो, कोणत्या वेळी निघतो, अंधारात शेताच्या बांधावर एकट्याने का बसू नये, हे सगळे तपासाचे धागे होऊ शकतात. भीतीने भरलेले मूल ठशाकडे पाहत नाही. कुतूहल असलेले मूल पाहते, आणि मोठ्यांना सांगते. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात वाघबारस, म्हणजे वाघदेवाचा सण, पाळणाऱ्या लोकांनी भय आणि ओळख ही दोन्ही एकाच देवाच्या ठायी ठेवली आहेत. तेव्हा या दोन्ही गोष्टी मुलाच्या मनात एकत्र राहू शकतात, याची मला शंका वाटत नाही.

दुसरा आक्षेप कथेच्या बांधणीचा आहे. गुप्तहेरकथेला गुन्हेगार लागतो आणि रानात गुन्हेगार नसतो. मला हे बलस्थान वाटते. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. महिन्याभराच्या आत तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. वाटेत महामार्ग, रेल्वे, कारखान्यांची वस्ती. कुणाला इजा नाही. 'आजोबा' या नावाने तो ओळखला गेला आणि २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. या कथेत खलनायक नाही, तरी ती धरून ठेवते, कारण प्रश्न 'कोणी केले' असा नसून 'हा कुठे आणि कशासाठी निघाला' असा आहे. मुलांना हा प्रश्न पुरतो. पुरत नाही असे आपणच ठरवून टाकले आहे.

चित्रकथा म्हणजे वाचन नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी चौकटींचे एक सामर्थ्य लक्षात घ्यावे. लेखक शब्दांत खूण सांगतो तेव्हा तो तिच्याकडे बोट दाखवत असतो. चित्रात खूण कोपऱ्यात गप्प पडून राहू शकते, आणि उलगडा झाल्यावर मूल पाने मागे उलटून ती स्वतः शोधते. पुरावा पुन्हा तपासण्याची सवय लागते ती अशी. मराठीत फास्टर फेणेने माणूस-गुप्तहेराची जागा कधीच पक्की केली आहे. प्राण्याची जागा अजून मोकळी आहे, आणि तिथे मी तरसाला उभे करीन. पुढचे पाय उंच, मागचे ठेंगणे, त्यामुळे त्याची चाल काढतानाच चित्रकाराला हसू येईल. नाक तीक्ष्ण, जबड्यात हाडे फोडण्याची ताकद, फिरणे रात्रीचे, आणि गावात नाव आधीच वाईट. म्हणजे प्रत्येक प्रकरणात पहिला संशय त्याच्यावरच येणार आणि स्वतःला सोडवण्यासाठी त्याला खरे शोधावेच लागणार. ही चित्रकथा बालभारतीच्या 'किशोर'सारख्या मासिकात क्रमशः यावी. १९७१पासून चालत आलेले हे मासिक खेड्यातल्या मुलांनाही परके नाही, आणि दोन अंकांमध्ये महिन्याचे अंतर असते. तेवढ्या अवधीत अकोल्याच्या किंवा राहुरीच्या शाळेतली मुले शेळी कोणी नेली यावर भांडू शकतील, आणि बांधावरच्या चिखलात उमटलेल्या खऱ्या ठशाला नखे दिसतात की नाही, यावरून तो कुत्र्याचा की बिबट्याचा हे ठरवू शकतील.